नोकरी सोडली, पाच वर्षं भरली नाहीत, आता पीएफ काढला तर किती कापतात?

तापीकाठचा_पोऱ्या | १० ऑगस्ट २०२४, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातला, चाकणला एका गाडीच्या पार्टच्या कंपनीत होतो जानेवारी २०२० पासून, या मे महिन्यात राजीनामा दिला आणि घरी आलो. वडिलांच्याने आता शेती एकट्याने होत नाही. पीएफमध्ये १ लाख ४१ हजार दिसताहेत. दोन म्हशी घ्यायचा विचार आहे, गोठा आहेच, चारा घरचा. पण पाच वर्षं झाली नाहीत म्हणून दंड बसेल असं चाकणचा मित्र म्हणतो, १० टक्के की २० टक्के त्यालाही नक्की माहीत नाही. इथे चौफुलीवरचा ऑनलाइनवाला म्हणतो १५००₹ दे, १५जी लावतो, एक रुपया कापू देत नाही. उद्या कानबाईचा सण, त्यामुळे दोन दिवस काही हलणार नाही, तोवर कोणी नीट सांगेल का?

शेवभाजी_प्रेमी | १० ऑगस्ट, ९:५२

आधी रोट खा भो, पीएफ कुठे पळून नाही जात.

केळीवाला_रावेर | १० ऑगस्ट, १०:१५

दंड वगैरे काही नसतो, टीडीएस असतो, म्हणजे आधीच कापून ठेवलेला कर. पॅन लावलेलं असेल तर १०%, नसेल तर २०%. पन्नास हजाराच्या आत रक्कम असली तर कापतच नाहीत. तुझे १४,१०० जातील. मी म्हणतो दोनदा काढ, एकदा ४५, मग परत ४५.

भुसावळ_जंक्शन | १० ऑगस्ट, १०:३१

@केळीवाला_रावेर नाना, असं होत नाही. नोकरी सोडल्यावर फॉर्म १९ भरतात तो पूर्ण हिशोबाचा असतो, सगळी रक्कम एकदम. अर्धी-अर्धी काढायची ती फॉर्म ३१ ची अ‍ॅडव्हान्स, आणि तिला कारण लागतं, आजारपण, घर, लग्न, शिक्षण. लग्नाला सात वर्षं मेंबर असावं लागतं. म्हशीसाठी कलम नाही अजून.

शेवभाजी_प्रेमी | १० ऑगस्ट, १०:३४

म्हशीला कुटुंबातली सदस्य धरून आजारपणात टाका

हिशोबनीस_धुळे | ११ ऑगस्ट, सकाळी ८:०५

त्या ऑनलाइनवाल्याच्या नादी लागू नका. १५जी म्हणजे तुम्ही सरकारला लिहून देता की माझं यंदाचं उत्पन्न करपात्र नाही. खोटं लिहून दिलं तर आयकर कायद्याचं कलम २७७ आहे, त्यात तुरुंगाचीही तरतूद आहे. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने पुण्यात नवीन नोकरी लागल्यावर जुन्या कंपनीचा पीएफ काढला, पगार नऊ लाख, आणि एजंटने १५जी लावून दिला. काढताना काही कापलं नाही म्हणून पेढे वाटले. दीड वर्षाने नोटीस आली, कर भरला, वर व्याज भरलं. १५जी हा गैरप्रकारच आहे, सरळ १०% कापू द्यावे.

सीए_ताई_जळगाव | ११ ऑगस्ट, दुपारी ३:२०

@हिशोबनीस_धुळे दादा, नोटिशीचा किस्सा बरोबर, पण निष्कर्ष चुकला. १५जी गैरप्रकार नाही, तो ज्याच्यासाठी आहे त्याने भरावाच. त्या मुलाचा पगार नऊ लाख होता, त्याला तो फॉर्म भरायचा हक्कच नव्हता.

तापीकाठच्या भाऊचा हिशोब वेगळा आहे. भाऊ, तुमचं यंदाचं म्हणजे २०२४-२५ चं उत्पन्न काय? एप्रिल-मेचा पगार, समजा चाळीस-बेचाळीस हजार. त्यात पीएफचे १ लाख ४१ हजार धरा. झाले १ लाख ८३ हजार. जुन्या पद्धतीत अडीच लाखांपर्यंत कर नाही, नव्या पद्धतीत तीन लाखांपर्यंत नाही. म्हणजे तुमच्यावर कर बसतच नाही, मग १५जी देणं खोटं कसं? फक्त म्हशींचा फायदा त्यात धरायला विसरू नका. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण दुधाचा धंदा आयकरात शेती धरला जात नाही, हे खूप लोकांना माहीत नसतं.

आणि दुसरं, सगळ्यांसाठी. टीडीएस कापला म्हणजे पैसे बुडाले असं नाही. तो २६एएस मध्ये (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) दिसतो, पुढच्या वर्षी रिटर्न भरा, कर बसत नसेल तर पूर्ण परत येतो. उलट टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही, असंही नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ होते तिथेच एजंटांचं पोट भरतं.

चाळीसगाव_एक्सप्रेस | ११ ऑगस्ट, ४:०२

ताई एक शंका, सगळ्या रकमेवर कर लागतो का? माझा स्वतःचा कापलेला पैसा आहे तो, त्याच्यावर एकदा पगारात कर भरलाच की.

सीए_ताई_जळगाव | ११ ऑगस्ट, ४:४०

चांगला प्रश्न. पाच वर्षांच्या आत काढलं तर चार तुकडे पडतात. कंपनीने भरलेला वाटा आणि त्यावरचं व्याज, हे पगारासारखं करपात्र. तुमच्या वाट्यावरचं व्याज, हे इतर उत्पन्नात. तुमचा स्वतःचा वाटा, यावर तुम्ही त्या त्या वर्षी ८०सी ची (बचतीवरची) कर-सूट घेतली असेल तर तेवढी सूट परत जाते. घेतली नसेल, म्हणजे नवीन पद्धतीत असाल किंवा उत्पन्नच कमी होतं, तर त्या भागावर पुन्हा कर नाही. म्हणजे वरच्या १ लाख ४१ हजारातले सगळे करपात्र नसणार, मी मुद्दाम जास्तीत जास्त धरून दाखवलं.

नाना_अमळनेरकर | ११ ऑगस्ट, संध्या. ६:१८

पोरांनो तुम्ही सगळे काढायचे कसे हेच बोलताय, काढू नये असं एकही म्हणत नाही. ८.२५% व्याज मिळालं मागच्या वर्षी. बँकेत एवढं देतंय का कोणी? मी गिरणीत २२ वर्षं काढली, मध्ये दोनदा हात घातला असता तर आज तालुक्याच्या बाजारात भाजी विकत बसलो असतो. पीएफ हा म्हातारपणचा पैसा आहे. म्हैस आज आहे उद्या आटली.

तापीकाठचा_पोऱ्या | ११ ऑगस्ट, रात्री १०:०५

नाना राग नाही, पण म्हातारपणापर्यंत पोहोचायला आत्ता जेवावं लागतं. बँकेत गेलो होतो, तारण मागतात, सातबारा वडील-काकांच्या नावे सामाईक आहे. सावकाराचा भाव तुम्हाला माहीत आहे. स्वतःचा पैसा असताना दुसऱ्याचं का घ्यायचं.

पाचोऱ्याची_माहेरवाशीण | ११ ऑगस्ट, १०:२०

+१. नाना, तुमच्या काळी गिरणी गावात होती.

नाना_अमळनेरकर | ११ ऑगस्ट, १०:४४

ते खरं आहे पोरी. गिरणीचंच सांगतो मग. आमच्या शेजारच्या तालुक्यातली एक सूतगिरणी बंद पडली तेव्हा चार-चार वर्षंच झालेली कितीतरी पोरं होती, त्यांना पाच वर्षांची अट लावली नव्हती. कंपनीच बंद पडली किंवा माणूस आजारपणाने कामावरून गेला, म्हणजे त्याच्या हातातलं कारण नसलं, की कर लागत नाही. फक्त त्याचा कागद हवा.

भुसावळ_जंक्शन | १२ ऑगस्ट, सकाळी ७:५०

नानांनी लाख मोलाचं सांगितलं. कंपनीने नोकरी सोडल्याचं कारण काय टाकलंय ते पोर्टलवर बघा. कंपनी बंद पडलेली असते आणि एचआर डोळे झाकून शॉर्ट सर्व्हिस टाकून मोकळा होतो, मग भांडत बसा. एक्झिट डेटच (नोकरी सोडल्याची तारीख) टाकत नाहीत काही ठिकाणी. शेवटच्या भरण्याला दोन महिने झाले की ती आपली आपल्याला टाकता येते.

गुलाबबाई | १२ ऑगस्ट, दुपारी १:१२

माझं ऐका कोणीतरी 😭 मी लग्नासाठी नाशिकची नोकरी सोडली, बाईने लग्नासाठी सोडली तर दोन महिने थांबावं लागत नाही म्हणून लगेच क्लेम टाकला. तीन वर्षंच झाली होती. पॅनवर माझं माहेरचं नाव, आधारवर नवऱ्याने हौसेने लगेच बदललेलं सासरचं, पीएफमध्ये बापाचं नाव मधे नाहीच. पॅन व्हेरिफाय होईना. मी म्हटलं जाऊ दे, पैसे तर येतील. आले, २०% कापून. आणि पॅन नाही म्हणून तो टीडीएस २६एएस मध्येसुद्धा दिसेना. त्याआधी एकदा क्लेम परत आला होता तो वेगळाच, चेकवर नाव छापलेलं नव्हतं म्हणून.

हिशोबनीस_धुळे | १२ ऑगस्ट, १:३०

ताई म्हणूनच म्हणतात, क्लेम टाकायच्या आधी केवायसीच्या पानावर पॅनसमोर व्हेरिफाइड आलंय का ते बघायचं. नाव जुळत नसेल तर जॉइंट डिक्लरेशन (नाव दुरुस्तीचा अर्ज) भरायचं, कंपनीकडून मंजूर करून घ्यायचं, वेळ लागतो पण तेवढा लागू द्यायचा.

गुलाबबाई | १२ ऑगस्ट, १:३३

हे ज्ञान मांडवात कोणी दिलं असतं तर

शेवभाजी_प्रेमी | १२ ऑगस्ट, १:३५

मंगलाष्टकांत एक कडवं वाढवू. शुभमंगल सावधान, पॅन-आधार समान.

न्यूजर्सीतला_शहादेकर | १२ ऑगस्ट, रात्री ११:१५

धागा वाचून मजा आली. इकडे अमेरिकेत खरंच दंड असतो. ४०१(के) म्हणून कंपनीतर्फे निवृत्तीचं खातं असतं, त्यातले पैसे वयाच्या साडेएकोणसाठाच्या आधी काढले तर नेहमीचा इन्कम टॅक्स तर आहेच, वर १०% जास्तीचा. आणि काढताना साधारण २०% आधीच कापून ठेवतात. लेऑफ झाले तेव्हा आमच्या ओळखीतल्या दोघा-तिघांनी घाबरून काढले, हातात पडले तेव्हा चेहरे बघण्यासारखे होते.

वाचायचे मार्ग आहेत. नोकरी सुटली तर पैसे हातात न घेता सरळ आयआरए नावाच्या स्वतःच्या निवृत्ती खात्यात वळवायचे, कर नाही दंड नाही. चेक स्वतःच्या नावाने आला तर ६० दिवसांत भरावा लागतो. ज्या वर्षी ५५ पूर्ण होतात त्या वर्षी किंवा नंतर नोकरी सोडली तर त्याच कंपनीच्या खात्यातून दंडाशिवाय काढता येतं, पण आयआरएत वळवलं की ही सवलत गेली. आणि ७२(टी) म्हणून एक प्रकार आहे, ठरावीक हप्त्याने काढत राहायचं, किमान पाच वर्षं किंवा साडेएकोणसाठ, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत. मध्ये हप्ता चुकवला की आधीच्या सगळ्या वर्षांचा दंड व्याजासकट.

केळीवाला_रावेर | १३ ऑगस्ट, सकाळी ६:४०

साडेएकोणसाठ?? हा अर्धा कुठून आणला भो

न्यूजर्सीतला_शहादेकर | १३ ऑगस्ट, ७:१०

नाना तो त्यांच्या संसदेला विचारा 😄

चाळीसगाव_एक्सप्रेस | १३ ऑगस्ट, ९:२५

@शहादेकर माझा मोठा भाऊ पुढच्या वर्षी कायमचा परत येतोय, वय ४४. ४०१(के) मध्ये बरेच आहेत. येतानाच सगळं मोडून आणावं असं वहिनीचं मत. काय करावं?

न्यूजर्सीतला_शहादेकर | १३ ऑगस्ट, रात्री १०:५०

वहिनींना आदराने सांगा, थांबा. मोडायलाच हवं असा नियम नाही, भारतात आल्यावरही ते खातं तिथे राहू शकतं. आत्ता मोडलं तर अमेरिकेतल्या चालू पगारात ती रक्कम मिसळून वरच्या टप्प्याचा कर आणि १०% दंड.

सीए_ताई_जळगाव | १४ ऑगस्ट, सकाळी १०:३०

याला जोडून. परत आल्यावर पूर्ण रहिवासी झालात की भारतात त्या खात्यातल्या वाढीवर दरवर्षी कर आणि तिकडे काढताना कर, अशी वेळ यायची. त्यासाठी कलम ८९ए आहे, फॉर्म १०ईई भरला की जेव्हा तिकडे कर लागतो तेव्हाच इकडे लागतो. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा या तीन देशांच्या खात्यांना लागू आहे. रिटर्नच्या मुदतीत भरायचा आणि एकदा निवडलं की मागे फिरता येत नाही. भावाला येण्याच्या तारखेआधी दोन्हीकडच्या माणसाशी बोलायला सांगा.

मास्तर_दोंडाईचा | १४ ऑगस्ट, दुपारी २:१५

आमचं २००५ नंतर सरकारी नोकरीत लागलेल्यांचं कोणी विचारत नाही. एनपीएस, म्हणजे नवी पेन्शन योजना. मध्येच बाहेर पडलो तर ८०% ची पेन्शन विकत घ्या, हातात २०%. अडीच लाखांपर्यंत जमा असेल तरच पूर्ण मिळतात. पोरीच्या शिक्षणाला स्वतःच्या वाट्याचे २५% काढता येतात तीन वर्षांनंतर, ते करमुक्त आहेत एवढं एक बरं.

भुसावळ_जंक्शन | १४ ऑगस्ट, २:४०

मास्तर, आमच्या रेल्वेतही २००४ नंतरची पोरं तेच रडतात. आमच्या आधीच्यांना जीपीएफ, पेन्शन सगळं. एकाच डब्यात बसतो, एकाचं तिकीट जुनं एकाचं नवं.

नाना_अमळनेरकर | १४ ऑगस्ट, ३:०५

धागा पीएफचा आहे. जुन्या पेन्शनचा विषय सुरू झाला की दिवाळीपर्यंत थांबत नाही.

धानोऱ्याचा_गोट्या | १६ ऑगस्ट, रात्री ८:५५

मना भाऊना पोऱ्यानी बी आसंच करं, दर दोन वर्षे नवी कंपनी, दर दोन वर्षे बठ्ठा पैसा काढा आनि गाडीले डाऊन पेमेंट. आते दहा वर्षे व्हयनात नोकरीले, पीएफमा कायच नही. पैसा ऱ्हाऊ दे तठेच भो.

पाचोऱ्याची_माहेरवाशीण | १६ ऑगस्ट, ९:३०

गोट्यादादा बोलले ते कंत्राटी पोरांचं खरं चित्र आहे. चाकण, रांजणगाव, अंबड, तिकडे सुरत, सगळीकडे खान्देशातली पोरं, ठेकेदार बदलला की नवीन पीएफ नंबर. जुना कोणी बघत नाही. दहा-पंधरा हजार आहेत, काढून टाकू, असं करत करत नोकरीची वर्षं कधी जुळतच नाहीत. तुकड्या-तुकड्याने पाहिलं तर कोणाचीच पाच भरत नाहीत.

@तापीकाठचा_पोऱ्या, तू चाकणला २०२० मध्ये लागलास म्हणतोस. त्याआधी कुठे होतास? कॉलेजमधून थेट चाकणला?

तापीकाठचा_पोऱ्या | १६ ऑगस्ट, ९:५८

नाही ताई, त्याआधी नाशिकला अंबड एमआयडीसीत होतो. जून २०१८ ते डिसेंबर २०१९. तिथलाही पीएफ कापायचे, पण त्याचा नंबर वेगळा आहे, चाकणला नवीन यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) दिला. तो जुना मी काढलाच नाही, चाळीसेक हजार असतील.

सीए_ताई_जळगाव | १६ ऑगस्ट, १०:०६

अहो भाऊ!!! हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायचं!

तुम्ही डिसेंबरअखेर अंबड सोडलं आणि जानेवारीत चाकणला लागलात. जुन्या कंपनीतली शिल्लक नवीन खात्यात ट्रान्सफर केली तर आधीची नोकरीही त्या पाच वर्षांत मोजतात. तुमचं १ वर्ष ७ महिने आणि ४ वर्षं ५ महिने, झाली सहा वर्षं. मग ना टीडीएस, ना कर, ना १५जी. पूर्ण रक्कम करमुक्त.

अट एकच, फॉर्म १९ आधी टाकायचा नाही. आधी फॉर्म १३ ने अंबडचं खातं चाकणच्या खात्यात आणायचं, पासबुकात ते आलेलं दिसलं पाहिजे, मगच क्लेम. उलट केलंत तर चाकणच्या खात्याचे एकट्याचे साडेचार वर्षंच धरतील.

भुसावळ_जंक्शन | १६ ऑगस्ट, १०:१५

दोन यूएएन आहेत ना, जुन्याला आधार जोडलेलं नसेल तर तिथेच अडकेल. आणि अंबडवाल्यांनी एक्झिट डेट टाकलीय का ते बघ आधी. नाही झालं तर ईपीएफआयजीएमएस वर (पीएफच्या तक्रारींचं पोर्टल) तक्रार टाकायची, दोन्ही नंबर आणि दोन्हीकडच्या नोकरीच्या तारखा लिहून.

केळीवाला_रावेर | १७ ऑगस्ट, सकाळी ६:३०

आणि चौफुलीवाल्याला १५०० देऊन आधी बसला असतास तर

तापीकाठचा_पोऱ्या | १७ ऑगस्ट, ७:४५

नाना, आत्ताच सकाळी गेलो होतो त्याच्याकडे. त्याला सांगितलं आधी ट्रान्सफर करायचंय, तर म्हणतो ट्रान्सफरचे वेगळे २००० लागतील 😂

शेवभाजी_प्रेमी | १७ ऑगस्ट, ७:५०

तो तुझ्या दोन म्हशींपैकी एक आहे भो. दूध काढतोय तुझं.

तापीकाठचा_पोऱ्या | २५ ऑगस्ट, दुपारी १२:२०

अपडेट. जुना यूएएन अंबडच्या पगारपत्रकावर सापडला, आईने पितळी डब्यात ठेवलं होतं. एक्झिट डेट होती. आधार जोडलेलं नव्हतं, म्हणून ऑनलाइन झालं नाही, तक्रार टाकली, दोन्ही कंपन्यांचे कागद मागितले ते दिले. चाकणच्या एचआरने चांगली मदत केली, खोटं कशाला बोलू. पोळ्यापर्यंत होईल असं वाटत नाही. म्हैस सध्या एकच घेतोय, मामा म्हणाले पैसे दिवाळीला दे.

पेन्शनच्या पैशाचं काय करू, तो १०सी फॉर्म, तोही काढू का?

सीए_ताई_जळगाव | २५ ऑगस्ट, १:०५

तो नका काढू. १०सी मध्येच स्कीम सर्टिफिकेटचा पर्याय असतो, ते घ्या. पुढे कधी परत नोकरी धरलीत तर ही सहा वर्षं पेन्शनच्या दहा वर्षांत धरली जातील.

मास्तर_दोंडाईचा | २५ ऑगस्ट, १:४०

काल मंत्रिमंडळाने यूपीएस ही पेन्शन योजना मंजूर केली, २५ वर्षं नोकरी आणि शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या ५०% पेन्शन. केंद्राच्या लोकांना. बघू आमच्यापर्यंत कधी येतं.

नाना_अमळनेरकर | २५ ऑगस्ट, १:४२

मास्तर, वेगळा धागा काढा!

वाघूर_वाला | २६ ऑगस्ट, रात्री ९:१०

नवीन मेंबर. माझी साडेतीन वर्षं झाली एकाच कंपनीत, आधी कुठे नव्हतो, डिसेंबरमध्ये सोडतोय, पगार ३८ हजार. मला काय मार्ग?

हिशोबनीस_धुळे | २६ ऑगस्ट, ९:३५

डिसेंबरमध्ये सोडलंत तर यंदाच्या नऊ महिन्यांच्या पगारात पीएफ मिसळेल. घाई नसेल तर ३१ मार्च जाऊ द्या, एप्रिलनंतर क्लेम टाका, त्या वर्षी दुसरं उत्पन्न नसेल तर कर बसणार नाही आणि १५जी पण खरा ठरेल (हो ताई, शिकलो). तोपर्यंत व्याज चालूच राहतं. तीन वर्षांनी व्याज बंद होतं म्हणतात तो जुना नियम, २०१६ मध्ये बदलला. फक्त नोकरी सोडल्यानंतरचं व्याज करपात्र असतं, ते रिटर्नमध्ये धरा. आणि दुसरी नोकरी लागली तर काढूच नका, ट्रान्सफर करा.

वाघूर_वाला | २६ ऑगस्ट, ९:४१

१५जी मध्ये १६ आणि १७ नंबरच्या रकान्यात वेगवेगळे आकडे टाकायचे का?

सीए_ताई_जळगाव | २६ ऑगस्ट, १०:०२

१६ मध्ये फक्त पीएफची रक्कम, १७ मध्ये ती धरून वर्षाचं एकूण अंदाजे उत्पन्न. भाग २ कोरा ठेवा, तो त्यांचा असतो. पण तुम्ही एप्रिलनंतर भरणार आहात ना, तेव्हा फॉर्म नवीन डाउनलोड करा, आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ लिहा, सवयीने २०२४-२५ लिहू नका.